वाचक विचारतात : बार्बाडोस, किनाऱ्यापासून आत

मागच्या अंकात कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटाबद्दल माझा लेख आला. त्यात मी लिहिले होते की या बेटावर जाणाऱ्याने आधी उसाचे मळे आणि गुलामांचे दफनस्थान बघावे, मग वाळूत पाय ठेवावा. त्यावर बरीच पत्रे आली. काहींना ते पटले. काहींना सुट्टीला निघालेल्या माणसाला दफनभूमीत पाठवणे अजिबात रुचले नाही. माझे यजमान केव्ह हिलच्या विद्यापीठात शिकवत होते, तेव्हा आमचे बिऱ्हाड राजधानी ब्रिजटाउनजवळ होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना बेट दाखवायचे काम माझ्याकडे असे. तेव्हा पाहिलेले, वाचलेले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून समजलेले, यांच्या आधारावर ही उत्तरे देते आहे.

ताई, आम्ही नवराबायको क्रूझने जाणार आहोत. जहाज सकाळी ब्रिजटाउनला लागते आणि संध्याकाळी सुटते. मुलगा म्हणतो, बाबा, तिथे बघण्यासारखे काही नाही, बीचवर पडून राहा. एवढ्या वेळात काय बघून होईल?
— एक वाचक, सातारा

मुलाला सांगा, ब्रिजटाउन आणि त्याला लागून असलेली ब्रिटिशांची लष्करी छावणी २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बंदरातून गावात चालत जाता येते. रस्ता सपाट आहे, ऊन मात्र चांगलेच लागते, तेव्हा टोपी आणि पाणी बरोबर ठेवा.

पहिल्यांदा केरीनेजच्या काठावर या. गावात शिरलेली ही खाडी. शिडाची जहाजे इथे आणून कलती करत आणि त्यांचे तळ खरवडून साफ करत. काठावर पार्लमेंटच्या दोन इमारती आहेत, प्रवाळाच्या दगडाच्या, १८७० च्या दशकातल्या. सभा मात्र त्याहून पुष्कळ जुनी, १६३९ ची. आतल्या रंगीत काचांवर पहिल्या जेम्सपासून व्हिक्टोरियापर्यंत इंग्लंडचे राजेराण्या ओळीने आहेत, आणि त्यांच्यात राजाचे शिर उडवणारा क्रॉमवेलही आहे. गाईड हे कौतुकाने सांगतात, आणि आहेच ते कौतुकाचे. पण तुम्ही त्याबरोबर आणखी दोन साले लक्षात ठेवा. या सभेत आफ्रिकी वंशाचा पहिला सभासद, सॅम्युएल जॅकमन प्रेस्कॉड, निवडून आला १८४३ मध्ये. आणि सगळ्या प्रौढांनी मत दिले ते १९५१ च्या निवडणुकीत. म्हणजे तीनशे वर्षे ही सभा मळेवाल्यांची आणि पैसेवाल्यांची होती, हे त्या काचा बघताना मनात असू द्या.

तिथून नॅशनल हीरोज चौक ओलांडून निधे इस्राएल या सिनेगॉगकडे जा. ब्राझीलमधले रेसिफे डचांच्या हातून पोर्तुगीजांनी १६५४ मध्ये परत घेतले, तेव्हा तिथून ज्यू कुटुंबे बाहेर पडली, त्यांतली काही इथे आली. त्याच वर्षी हे प्रार्थनास्थळ उभे राहिले. १८३१ च्या चक्रीवादळात ते पडले आणि १८३३ मध्ये पुन्हा बांधले गेले. आवारात जमिनीखाली झऱ्याच्या पाण्याचे एक स्नानकुंड आहे. कित्येक पिढ्या ते मातीखाली बुजलेले होते, २००८ मध्ये उकरल्यावर सापडले. पायऱ्या उतरून गेलात की पाणी अजून जिवंत असल्याचे दिसते.

मग टॅक्सी करून छावणीत या, ती गावाच्या दक्षिणेला आहे. मधोमध मोठे मैदान, तिथे आता घोड्यांच्या शर्यती होतात. १९६६ मध्ये ३० नोव्हेंबरला, स्वातंत्र्याच्या दिवशी, ब्रिटिश निशाण उतरले ते याच मैदानावर. कडेला १८०४ ची, घड्याळाचा मनोरा असलेली मेन गार्ड ही पहाऱ्याची इमारत, तोफा आणि जुन्या लष्करी तुरुंगात भरलेले बार्बाडोस म्युझियम. जवळच जॉर्ज वॉशिंग्टनचे घर आहे. १७५१ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना तो क्षयाने आजारी असलेल्या सावत्र भावाबरोबर हवापालटासाठी इथे आला होता. पुढे आयुष्यात तो दुसऱ्या कुठल्या परक्या मुलुखात गेला नाही. इथे त्याला देवी आल्या आणि तो वाचला.

एवढे होईपर्यंत दुपार टळेल. मुलाचेही मन मोडू नका, कार्लाइल उपसागराचा किनारा छावणीला लागूनच आहे. या बेटावरचा प्रत्येक किनारा सर्वांना खुला आहे, हॉटेलच्या समोरचासुद्धा.

१९६२ साली नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला चेंडू लागला, ते मैदान अजून आहे का? त्या वेळी आम्ही कॉलेजात होतो आणि रेडिओला कान लावून बसलो होतो. तिथे क्रिकेटच्या जुन्या खुणा काय दिसतात?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

काका, मैदान तेच आहे, केन्सिंग्टन ओव्हल. भारताच्या संघाचा सामना बार्बाडोसशी होता आणि चेंडू चार्ली ग्रिफिथचा. कॉन्ट्रॅक्टरांची कवटी फुटली. रक्त द्यायला पुढे आलेल्यांमध्ये आपल्या खेळाडूंबरोबर वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. तुम्ही बार्बाडोसला गेलात आणि पाच डॉलरची नोट हातात आली, तर तिच्यावर बघा, त्याच वॉरेलचा चेहरा आहे.

प्रेक्षागारे जुनी राहिलेली नाहीत. २००७ च्या विश्वचषकासाठी जवळजवळ सगळे पाडून नवे बांधले. २०२४ मध्ये २९ जूनला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटीचा विश्वचषक उचलला, तो याच गवतावर. त्यामुळे हल्ली आपल्याकडची तरुण मुले हे मैदान बघायला आवर्जून जातात, आणि मला त्याचा आनंद आहे.

पण या मैदानाची खरी कहाणी भिंतीच्या बाहेरची आहे. केन्सिंग्टन हे पिकविक क्लबचे मैदान आणि पिकविक गोऱ्यांचा क्लब. बेटावर क्लब रंगाप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे वाटलेले होते. वाँडरर्स गोऱ्या व्यापाऱ्यांचा, स्पार्टन शिकल्यासवरलेल्या सावळ्या मध्यमवर्गाचा, आणि स्पार्टननेही ज्यांना आत घेतले नाही त्यांचा एम्पायर, १९१४ मध्ये निघालेला. पुढे वेस्ट इंडिजचा मोठा फलंदाज झालेला एव्हर्टन वीक्स केन्सिंग्टनच्या हाकेच्या अंतरावर, वेस्टबरीत वाढला. पोरवयात तो मैदानाच्या माळ्यांना मदत करायचा, म्हणजे सामने फुकट बघायला मिळत. पिकविककडून खेळण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तो फौजेत भरती झाला आणि छावणीच्या क्लबाकडून खेळायला लागला, तेव्हा त्याला नीट क्रिकेट मिळाले. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, हे तिघेही फलंदाज या मैदानाच्या मैलभराच्या परिसरात, अठरा महिन्यांच्या आत जन्मले. वॉरेलची जन्मतारीख १ ऑगस्ट, म्हणजे गुलामगिरी संपल्याचा दिवस. १९६० मध्ये तो पूर्ण मालिकेसाठी नेमला गेलेला वेस्ट इंडिजचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार झाला. तोवर फलंदाज आणि गोलंदाज काळे, कर्णधार गोरा, असा रिवाज होता.

तिघेही आता केव्ह हिलला विद्यापीठाच्या मैदानाशेजारी, समुद्र दिसतो अशा उतारावर, एकत्र विसावले आहेत. आमच्या घरापासून ते फार लांब नव्हते. संध्याकाळी मी तिकडे फिरायला जायची तेव्हा मुले खाली सराव करत असायची. तिथे जरूर जा.

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सहलीत सेंट निकोलस ॲबी नावाचा जुना वाडा आणि तिथे रम चाखणे हा कार्यक्रम आहे. तुमचा लेख वाचल्यापासून मिसेस म्हणतात, जिथे माणसांचे एवढे हाल झाले तिथे आपण प्याले उंचवायचे नाहीत. तुमचे मत काय?
— एक वाचक, डोंबिवली

दोघांनी जा. क्रम तेवढा बदला. आधी न्यूटन ही गुलामांची दफनभूमी, मग ॲबी.

ॲबीचे आधी सांगते. ॲबी म्हणजे मठ, पण तिथे मठ कधीच नव्हता, हा ऊसमळ्याच्या मालकाचा वाडा. १६५० च्या दशकाच्या अखेरीस बांधलेला. तशा इंग्रजी घडणीचे त्या काळातले वाडे अमेरिका खंडात तीनच उरले आहेत, त्यांतले दोन बार्बाडोसमध्ये. दर्शनी भागावर नक्षीदार वळणांच्या त्रिकोणी भिंती आहेत, आणि वरच्या खोल्यांमध्ये चक्क शेकोट्या. बारा महिने घाम फुटणाऱ्या बेटावर शेकोटी! घराचा नकाशा इंग्लंडचा, तो जसाच्या तसा इथे उभा केला. मला त्या वाड्यात सगळ्यात जास्त बोलके काही वाटले असेल तर त्या कधी न पेटवाव्या लागलेल्या शेकोट्या. हे लोक इथे राहायला आले नव्हते, इथून काहीतरी घेऊन जायला आले होते.

काय न्यायला, तर साखर. १६२७ मध्ये फेब्रुवारीत इंग्रजांची पहिली वस्ती होलटाउनला झाली. ऐंशी वसाहतवाले, आणि त्यांच्या जहाजावर वाटेत पकडलेले दहा आफ्रिकी. सुरुवातीला तंबाखू आणि कापूस. बार्बाडोसच्या तंबाखूला इंग्लंडात कोणी विचारीना. १६४० च्या दशकात ब्राझीलमधल्या डचांकडून ऊस आणि साखर करण्याची रीत आली. ती आणण्यात जेम्स ड्रॅक्सचे नाव पुढे असते. पुढच्या काही दशकांत बेटावरचे रान साफ झाले आणि डोंगरउतारांपर्यंत ऊसच ऊस झाला. इंग्लंडच्या ताब्यातल्या वसाहतींत एवढा पैसा दुसरीकडे कुठे निघत नव्हता.

आपल्याकडे गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तिथले काम लगेच समजते. चरक, चुलवाण, मोठ्या काहिलीतून लहान काहिलीत पुढे पुढे सरकणारा रस, वर आलेली मळी काढणारा माणूस. पण तिथे चरक वाऱ्यावर चालत. वारा रात्रीही वाहतो, आणि तोडलेल्या उसाचा रस लवकर आंबतो, म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरत. झोप न झालेल्या माणसाचा हात उसाबरोबर चरकाच्या दोन रुळांमध्ये ओढला जाई. पवनचक्की झटकन थांबवता येत नाही. म्हणून चरकाजवळ कुऱ्हाड टांगून ठेवलेली असे, हात तोडून माणूस सोडवायला. सेंट अँड्र्यू भागात मॉर्गन लुइसची पवनचक्की पात्यांसकट शाबूत आहे. फोटोत ती अतिशय सुंदर येते. तुम्ही फोटो काढा, पण ती कुऱ्हाड आठवून काढा.

या सगळ्याला कायद्याचा आधार होता. १६६१ चा बार्बाडोसचा गुलामांचा कायदा. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकाला दोष नाही. मुद्दाम मारला तरी फक्त दंड. हाच कायदा जमैकाने आणि पुढे अमेरिकेतल्या कॅरोलायनाने उचलला. कॅरोलायनात वस्ती वसवायला बार्बाडोसचे मळेवाले आणि त्यांची मुलेच गेली. त्यांत सेंट निकोलस ॲबीचा एक मालक, जॉन येमन्स, होता. तो तिथला गव्हर्नरही झाला.

बार्बाडोसमधला तसा दुसरा वाडा ड्रॅक्स हॉल, जेम्स ड्रॅक्सच्या घराण्याचा, साडेतीनशेहून जास्त वर्षे त्यांच्याचकडे असलेला. तो खासगी आहे, आवारात शिरू नका, रस्त्यावरून बघा. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा ब्रिटिश सरकारने मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ड्रॅक्स हॉलच्या मालकाला १८९ माणसांपोटी ४,२९३ पौंड मिळाले. त्या १८९ जणांना काय मिळाले? आणखी चार वर्षांची उमेदवारी, म्हणजे आठवड्याचे बहुतेक दिवस जुन्याच मालकाकडे बिनपगारी काम. भरपाईसाठी काढलेले कर्ज ब्रिटिश सरकारने फेडून संपवले ते २०१५ मध्ये. ज्यांचे पणजोबा विकले गेले होते, अशा ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या करातूनही ते फिटले.

धर्मही यापासून लांब नव्हता. पूर्व किनाऱ्यावर कॉड्रिंग्टन कॉलेज आहे. ताडासारख्या उंच झाडांची रांग, कमळांचे तळे, खाली अटलांटिक. १७१० मध्ये ख्रिस्टोफर कॉड्रिंग्टनने मृत्युपत्राने आपले मळे चर्चच्या धर्मप्रसारक सोसायटीला दिले, गुलामांसकट. सोसायटीच्या कारभाऱ्यांनी नव्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द अक्षरशः डागून घेतला. हे वाचल्यावर मी कॉलेजच्या त्या बागेत बरोबर आलेल्या पाहुण्यांना सांगितल्याशिवाय राहू शकले नाही. एक बाई रागावल्या, म्हणाल्या, सुट्टीत कशाला? मला आजही वाटते, सांगितले ते योग्यच केले.

आता न्यूटन. ख्राइस्ट चर्च भागात, रहदारीच्या रस्त्यापासून थोडे आत, उसाच्या शेताला लागून एक उतरते गवताळ रान आहे. एक फलक आहे. दगड नाहीत, क्रूस नाहीत, नावे नाहीत. साधारण १६६० ते १८२० या काळात न्यूटन मळ्यावरच्या सुमारे ५७० गुलाम माणसांना इथे पुरले. ती जमीन उथळ आणि खडकाळ, उसाला नालायक, म्हणून त्यांना मिळाली. १९७० च्या दशकात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग यांनी तिथे उत्खनन केले. शंभरावर सांगाडे अभ्यासले. हाडांमध्ये शिसे सापडले, आणि तेही भरपूर. रम गाळण्याच्या भांड्यांना आणि नळ्यांना शिसे वापरत. मजुरीची भरपाई म्हणून आणि गप्प ठेवायला मळ्यावर रम वाटली जाई. ती रम त्यांच्या हाडांत उतरली.

म्हणून म्हणते, आधी न्यूटनला जा. मग ॲबीत जाऊन रमचा घोट घ्यावा की नाही, ते मिसेसनी आणि तुम्ही तिथे ठरवा. ॲबीवाल्यांची १८९० ची वाफेवरची चरकी हंगामात चालते, ती अवश्य बघा. तिथली माणसे आपल्या कामावर जीव टाकून बोलतात, आणि त्यांच्यात बरेच जण त्याच गुलामांचे वंशज आहेत. त्यांना ही जागा टाळायची नाही, ते तिथे रोज कामाला येतात.

कॅरिबियनमध्ये आर्मीसारखे ठिपक्यांचे कपडे घालायला बंदी आहे म्हणे. खरे का?
— एक वाचक, नगर

बार्बाडोसपुरते खरे आहे. सैनिकांशिवाय कोणी तसले कापड अंगावर घालायचे नाही, लहान मुलाची टोपीसुद्धा नाही. विमानतळावर काढून घेतात. घरीच ठेवा.

मावशी, मी नववीत आहे. आमच्या प्रकल्पात मला बुसाचा उठाव आला आहे. ब्रिजटाउनजवळच्या चौकात साखळ्या तुटलेल्या माणसाचा पुतळा आहे, तो बुसाचाच का? आणि हा उठाव फसला, तर त्याला राष्ट्रीय वीर का म्हणतात?
— एक विद्यार्थिनी, चिपळूण

बाळ, तो पुतळा कार्ल ब्रुडहागेन या शिल्पकाराने १९८५ मध्ये केला. सरकारी नाव ‘मुक्तीचा पुतळा’. लोक मात्र त्याला बुसाच म्हणतात. बुसा कसा दिसत होता हे कोणालाच माहीत नाही, त्याचे चित्र कोणी काढून ठेवले नाही. मनगटांवर तुटलेल्या साखळ्या आणि वर उचललेले हात, एवढ्यावर लोकांनी त्याला ओळखले.

गुलामांचा हा उठाव १८१६ चा, ईस्टरच्या रविवारी, १४ एप्रिलच्या रात्री. त्याच्या आधी काय झाले ते प्रकल्पात नीट लिही. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, गुलामगिरी नाही. १८१५ मध्ये लंडनला गुलामांची नोंदवही ठेवण्याचा कायदा मांडला गेला. बार्बाडोसचे मळेवाले त्यावर खवळून मोठमोठ्याने बोलत, आणि वाढपाचे काम करणारी माणसे ते ऐकत. सिमन्स मळ्यावरची नॅनी ग्रिग वर्तमानपत्र वाचायची. ती इतरांना सांगे की स्वातंत्र्य मिळणार आहे, इथले मालक ते अडवून बसले आहेत, आणि हैतीत गुलाम लढले तसे लढल्याशिवाय ते हाती येणार नाही. तिचे नाव तुझ्या प्रकल्पात असलेच पाहिजे.

उठावाचा पुढारी बुसा बेलीज मळ्यावर रखवालदार होता, त्यामुळे त्याला मळ्यामळ्यांतून फिरता येई. ठरल्याप्रमाणे उसाच्या पाचोळ्याला आगी लागल्या आणि एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर निरोप गेला. सरकारने फौज आणली. तिच्यात वेस्ट इंडिया रेजिमेंटचे काळे शिपाईही होते. समोरून आपल्याच रंगाची माणसे बंदुका रोखून आलेली बघून उठाववाल्यांना काय वाटले असेल, याचा विचार कर. काही दिवसांत सगळे दडपले गेले. बुसा लढताना मेला. नंतर शेकडो लोकांना मारले किंवा बेटाबाहेर पाठवले.

फसला म्हणतेस, तर त्याच्यानंतर मळेवाल्यांनी काय केले ते बघ. १८१८ पासून टेकड्यांवर निशाण दाखवण्याचे मनोरे बांधले. गन हिलचा मनोरा त्यांतलाच. तिथून अर्धे बेट दिसते. पर्यटकांना तिथे दगडातला पांढरा सिंह दाखवतात, तो पुढे १८६८ मध्ये कोरलेला. मनोरा परकी जहाजे हेरायलाही होता, पण मुख्य धास्ती होती ती बेटावरच्याच माणसांची. उठावानंतर अठरा वर्षांनी गुलामगिरीचा कायदा संपला. लंडनमध्ये ज्यांनी तो संपवला, त्यांच्यासमोर बार्बाडोसची, गयानातल्या डेमेरेराची आणि जमैकाची अशी तीन बंडे होती.

एक गोष्ट तुझ्या बाईंना मुद्दाम दाखव. या उठावाची बरीचशी माहिती पकडलेल्या माणसांच्या जबान्यांतून आलेली आहे, आणि त्या जबान्या मळेवाल्यांच्याच सभेने नेमलेल्या समितीने घेतल्या. ज्यांना फाशी होणार होती, त्यांनी काय सांगितले असेल आणि काय लपवले असेल, यावर तू एक परिच्छेद लिहिलास तर प्रकल्प चांगला होईल.

त्रिनिदाद, गयानाला आपले गिरमिटिये गेले. बार्बाडोसला का गेले नाहीत? तिथे भारतीय आहेत का?
— एक वाचक, कोल्हापूर

गेले नाहीत, कारण मळेवाल्यांना गरज पडली नाही. त्रिनिदाद आणि गयानात मोकळी जमीन पडून होती. गुलामगिरीतून सुटका झाल्यावर तिथली माणसे मळा सोडून स्वतःची शेती करू लागली, म्हणून मळेवाल्यांनी भारतातून मजूर नेले. बार्बाडोस आहे अवघे ४३० चौरस किलोमीटर, आणि सगळी जमीन मळ्यांची. ऐंशी हजारांवर माणसे मोकळी झाली, पण जायचे कुठे? त्याच मालकाची जागा भाड्याने घ्यायची, त्याच्याच उसात तो देईल त्या मजुरीवर राबायचे. कामाला नाही म्हटले की जागा खाली करायची.

यातून तिथली एक घरबांधणी निघाली. चॅटेल हाउस म्हणतात. लाकडाचे, एक-दोन खोल्यांचे, उतरत्या छपराचे घर, पाया नाही, प्रवाळाच्या सुट्ट्या दगडांवर ठेवलेले. जागा सोडायची वेळ आली की फळ्या सोडवायच्या, गाडीवर चढवायच्या आणि दुसरीकडे जाऊन घर पुन्हा उभे करायचे. आमच्या शेजारणीचे माहेर असल्याच घरात होते. तिची आई सांगायची, घर हलवायच्या दिवशी आळीतले सगळे पुरुष येत आणि बायका एका मोठ्या भांड्यात सगळ्यांचे जेवण रांधत. आता त्या घरांना गुलाबी-निळे रंग देऊन त्यांत भेटवस्तूंची दुकाने काढली आहेत. पण आतल्या भागात राहती घरे अजून आहेत, त्यांच्या दगडांकडे बघा. १९८० मध्ये कायदा झाला आणि मळ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना आपली जागा चौरस फुटाला १० सेंटने विकत घेता आली. बेटावरच्या सगळ्या स्मारकांपेक्षा हा कायदा मला मोठा वाटतो.

भारतीय आहेत, थोडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बंगाली आणि मग सुरतेकडचे गुजराती मुसलमान आले. कापडाचे गाठोडे सायकलवर बांधून ते दारोदार उधारीवर माल विकत. त्यांची नातवंडे आज ब्रिजटाउनच्या स्वॉन स्ट्रीटवर दुकाने चालवतात.

आणि त्यांच्याही कितीतरी आधी एक वस्तू आपल्याकडून तिथे पोचली होती. न्यूटनच्या दफनभूमीत एका वयस्कर माणसाच्या गळ्यात माळ सापडली. तो बहुधा वैद्य किंवा देवऋषी असावा. माळेत कवड्या, कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, काचेचे मणी, आणि एक मोठा तांबूस अकीक. हा अकीक बहुधा गुजरातेत खंबायतला घडवलेला. खंबायतचे मणी अरब व्यापाऱ्यांमार्फत शतकानुशतके आफ्रिकेत जात. तिथून तो कोणाच्या तरी अंगावर, गुलामांच्या जहाजातून, समुद्रापार आला. सगळे काही हिसकावून घेतलेल्या माणसाने तो मणी कसा जपला असेल, आणि त्याच्या माणसांनी एवढी मोलाची वस्तू स्वतःकडे न ठेवता त्याच्याबरोबर पुरली. मी बार्बाडोसबद्दल जे जे वाचले, त्यात या माळेइतके काही माझ्या मनात रुतून बसले नाही.

तिथे नेल्सनचा पुतळा होता, तो हलवला असे वाचले. असे पुतळे काढणे म्हणजे इतिहास पुसणे नव्हे का?
— एक वाचक, नाशिक

मला तसे वाटत नाही, आणि मी पुतळा जागेवर असतानाही तो चौक ओलांडलेला आहे.

१८०५ मध्ये फ्रेंच आरमाराचा पाठलाग करत ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन या बाजूला आला, म्हणून मळेवाले आणि व्यापारी त्याचे उपकार मानत. त्यांनी वर्गणी काढून १८१३ मध्ये त्याचा पुतळा बसवला, लंडनमधल्या त्याच्या प्रसिद्ध खांबाच्या कितीतरी आधी. बेटावरच्या बहुसंख्य माणसांना तेव्हा स्वतःचे शरीरही स्वतःचे नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते. चौकाचे ट्रफाल्गर हे नाव १९९९ मध्ये बदलून नॅशनल हीरोज झाले. २०२० मध्ये १६ नोव्हेंबरला पुतळा उतरवला आणि म्युझियमकडे दिला. फोडला नाही, वितळवला नाही. पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला त्याच चौकात बार्बाडोस प्रजासत्ताक झाले, सँड्रा मेसन पहिल्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, आणि त्या समारंभाला प्रिन्स चार्ल्स हजर होते.

इतिहास पुसायचा असता तर पार्लमेंटमधल्या राजांच्या काचा राहिल्या नसत्या. होलटाउनचे उदाहरण घ्या. तिथे इंग्रजांच्या आगमनाचे स्मारक आहे, १९०५ मध्ये बसवलेले. त्यावर साल कोरले आहे १६०५. ते चुकीचे आहे, इंग्रज जहाज आले १६२५ मध्ये. लोकांनी ते स्मारक हलवले नाही, खोडले नाही. शेजारी दुसरी पाटी लावून बरोबर साल लिहिले. असे जपणारे लोक इतिहास पुसत नाहीत. चौकात कोणाला मान द्यायचा, एवढे त्यांनी स्वतः ठरवले, आणि ते ठरवायला त्यांना दोनशे वर्षे लागली.

जायला महिना कोणता चांगला?
— एक वाचिका, ठाणे

हवा डिसेंबर ते मे कोरडी असते, वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. माझे ऐकाल तर फेब्रुवारीनंतर जा, तेव्हा ऊसतोड चालू असते. मी जायची तेव्हा न्यूटनला तिकीट नव्हते, पहारेकरी नव्हता. टॅक्सीवाल्याला निघतानाच नाव सांगा आणि थांबायला सांगा. पायात बूट असू द्या, गवत उंच असते.